'पडीक' म्हणजे कोणासाठी पडीक?



कर्जतहून रेहेकुरीकडे जाताना जो माळ लागतो, तो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. आठ महिने पिवळा, पावसाचे चार थेंब पडले की हिरवा. खाली मुरूम, वर वीतभर माती, मधूनच एखादी बाभळ. हा माळ एकच आहे, पण त्याला नावे किती आहेत ते पाहा. महसुली दप्तरात तो 'पड' किंवा 'पोटखराबा' असतो. मेंढपाळाच्या तोंडी तो 'चरण' असतो. वनखात्याच्या फलकावर 'अभयारण्य' असते. जमिनीचे व्यवहार करणारा त्याला 'मोकळी जागा' म्हणतो. वृक्षारोपणाच्या पत्रिकेवर तो 'उजाड माळ' होतो. आणि शाळेच्या सहलीला आलेल्या मुलाला विचारले, तर तो 'हरणांचा माळ' असतो.

यातला प्रत्येक शब्द बोलणाऱ्याच्या मनात एकेक कामही घेऊन येतो. 'चरण' म्हटले की तिथे मेंढ्या न्यायच्या असतात. 'उजाड' म्हटले की तिथे झाडे लावायची असतात. 'मोकळी जागा' म्हटले की तिथे काहीतरी बांधायचे असते. शब्द तोंडातून निघतो तेव्हा निर्णय अर्धा झालेला असतो. आजच्या या अभ्यासलेखात आपण एवढीच गोष्ट समजून घेणार आहोत की, आपण वापरतो ते शब्द आपल्याला काय दाखवतात आणि काय झाकून ठेवतात. आणि हे पाहण्यासाठी आपल्या तालुक्यातल्या माळासारखे दुसरे चांगले उदाहरण आम्हाला सापडले नाही.

शब्द नेमके काय करतो?

बेंजामिन ली व्हॉर्फ (१८९७-१९४१) हे अमेरिकेतील एक भाषाभ्यासक होते. पोटापाण्यासाठी ते हार्टफर्ड शहरातील एका अग्निविमा कंपनीत काम करीत. कारखान्यांना आगी का लागतात याचे अहवाल त्यांच्या हाताखालून जात. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ कामगार फार जपून वागत; पण 'रिकाम्या' पिंपांजवळ खुशाल विडी-सिगारेट ओढत. खरे तर रिकामे पिंप अधिक धोक्याचे, कारण त्यात पेट्रोलची वाफ भरलेली असते आणि ठिणगी पडली की तिचा भडका उडतो. पण 'रिकामे' या शब्दाने त्यांना सांगितले होते की आत काही नाही. आणि जिथे काही नाही, तिथे सांभाळायचे काय?

व्हॉर्फ यांच्या नावाने पुढे फार मोठे दावे केले गेले. माणूस आपल्या भाषेच्या तुरुंगात असतो, ज्या गोष्टीला त्याच्या भाषेत शब्द नाही ती त्याला दिसतच नाही, असेही म्हटले गेले. आज अभ्यासक एवढे टोकाचे मत मानत नाहीत. शब्द नसला तरी माणसाला गोष्ट दिसते, समजते, आणि गरज पडली तर तो नवा शब्दही घडवतो. पण शब्द आपले लक्ष एका बाजूला वळवतो, एवढे मात्र दिसून आले आहे. रशियन भाषेत निळ्या रंगासाठी दोन वेगळे शब्द आहेत, गडद निळ्यासाठी एक आणि फिकट निळ्यासाठी दुसरा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की, या दोन शब्दांच्या सीमेच्या अलीकडची व पलीकडची छटा शेजारी ठेवली, तर रशियन भाषिक त्यांतील फरक थोडा लवकर ओळखतात. इंग्रजी भाषिकांना तसा फायदा मिळत नाही. फरक सेकंदाच्या अंशाचाच आहे. डोळे सगळ्यांचे सारखेच असतात, पण शब्दाने डोळ्यांना सवय लावलेली असते.

तेव्हा आपण मधला मार्ग धरू. शब्द आपले डोळे बांधून टाकत नाही, पण बैलाला झापड लावल्यासारखा तो आपल्याला एका दिशेने चालवतो. झापड काढता येते. त्यासाठी ती आहे हे आधी कळावे लागते.

'पड' आणि 'पडीक'

आपल्या शेतकऱ्याचा मूळ शब्द आहे 'पड'. 'यंदा खालचे रान पड टाकले' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात कमीपणा नसतो. जमिनीला विसावा द्यावा, पाऊस पुरेसा नसेल तर बी वाया घालवू नये, हा त्यामागचा विचार असतो. टाकणारा माणूस आहे, टाकण्याला कारण आहे, आणि ती जमीन पुन्हा पिकणार आहे. 'पडीक' म्हटले की हे सगळे पुसले जाते. मग वाटते की ही जमीन आपली आपणच निकामी होऊन पडली आहे.

हा बदल कसा झाला हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. भीमेच्या पलीकडच्या इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमीन मोजणीची नवी पद्धत सुरू केली. पुढे ती सगळ्या मुंबई इलाख्यात पसरली. प्रत्येक शेताला नंबर द्यायचा, मातीची खोली व पोत पाहून आण्यांत तिची प्रत लावायची, आणि त्यावरून सारा ठरवायचा. त्यापूर्वीच्या मोजणीत साऱ्याचा बोजा अवाच्या सवा झाला होता. त्या मानाने ही पद्धत शेतकऱ्याला पुष्कळ सुसह्य होती, हे मान्य केले पाहिजे. पण या मोजणीचा प्रश्न एकच होता : ही जमीन किती सारा देऊ शकेल? ज्या जमिनीकडून साऱ्याचे उत्तर येत नव्हते, ती हिशेबाच्या बाहेर राहिली. इंग्रजांच्या दप्तरात अशा जमिनीसाठी जो शब्द होता, त्याचा अर्थच 'वाया गेलेली' असा होतो.

आपल्या सातबाऱ्यावरचा 'पोटखराबा' हा शब्द त्याच मोजणीच्या घराण्यातला. त्याचे दोन वर्ग आहेत. मोजणीच्या वेळी शेतीला अयोग्य ठरलेली जमीन वर्ग 'अ' मध्ये जाते आणि त्यात शेतातले घर व खळेसुद्धा मोडते. वर्ग 'ब' मध्ये सार्वजनिक कामासाठी ठेवलेली जागा येते : रस्ता, पायवाट, लोक ज्याचे पाणी वापरतात तो ओढा किंवा तळे, दफनाची व दहनाची जागा. यादी पुन्हा एकदा वाचून पाहा. ज्या खळ्यावर वर्षाची ज्वारी घरात येते ते खळे, ज्या ओढ्यावर गुरे पाणी पितात तो ओढा, ज्या मातीत आपल्या वाडवडिलांना आपण ठेवले ती माती, हे सगळे 'खराबा'. मोजणी अधिकाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. 'यावर सारा नाही' एवढेच त्याला लिहायचे होते. पण 'सारा नाही' याचे 'खराब' झाले, आणि शब्द तसाच राहिला.

स्वातंत्र्यानंतरही ही नजर फारशी बदलली नाही. १९८५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन केले. १९९२ मध्ये त्या कामासाठी स्वतंत्र विभाग झाला. १९९९ साली मात्र त्या विभागाचे नाव बदलून 'भूसंसाधन विभाग' असे ठेवले गेले. 'पडीक' जाऊन 'संसाधन' आले. पण २००० साली उपग्रहाच्या चित्रांवरून देशाचा जो नकाशासंग्रह निघाला, तो पडीक जमिनींचाच होता. आणि त्यात झुडपांची जमीन व चराईची खालावलेली कुरणे ही पडीक जमिनीच्याच प्रकारांत धरली गेली.

माळावर काय काय आहे?

आता शब्द बाजूला ठेवून माळाकडे पाहू.

माळावर पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते असतात. उन्हाळ्यात ती वाळलेली दिसतात, पण त्यांची मुळे जमिनीखाली जिवंत असतात. तीच मुळे वीतभर माती धरून ठेवतात. नाहीतर पहिल्याच वळवाच्या पावसात ती ओढ्याला मिळाली असती. या गवतावर टोळ, त्यावर चंडोल आणि तितर, उंदरांवर खोकड, आणि माळाचा राखणदार म्हणावा असा लांडगा. रेहेकुरीचे अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी राखले गेले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. काळवीट जगते ते डोळ्यांवर आणि पायांवर. दूरवरचा धोका दिसला पाहिजे आणि धावायला मोकळे रान पाहिजे. त्याच्यासाठी झाडांची गर्दी म्हणजे आसरा नसून अडचण आहे. चांगल्या हेतूने 'उजाड' माळावर दाट झाडे लावली, तर हिरवळ वाढल्याचे समाधान आपल्याला मिळते, पण काळविटाचे घर जाते.

इथे 'अभयारण्य' हा शब्दसुद्धा थोडा फसवतो. त्यात 'अरण्य' आहे. म्हणून पाहुणे येतात आणि झाडे शोधतात. १९७९ साली सोलापूर व त्या वेळच्या नगर जिल्ह्यात माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. त्यात आपल्या कर्जत तालुक्याचाही भाग होता. मूळ क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गावेच्या गावे त्यात आली. जमिनीचे व्यवहार अडले, लोकांची नाराजी वाढली आणि पुढे हे क्षेत्र पुष्कळ कमी करण्यात आले. माळढोक हा अरण्यातला पक्षी नव्हेच. त्याला मोकळे गवताळ रान लागते. आज महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. वाघासाठी जंगल वाचवायचे हे लोकांना लगेच पटते. गवतासाठी माळ वाचवायचा म्हटले की लोक हसतात. कारण 'जंगल' या शब्दाला मान आहे, 'माळ' या शब्दाला नाही.

पुष्कळांची अशी समजूत असते की, इथे पूर्वी घनदाट जंगल होते, माणसाने ते तोडले आणि म्हणून माळ उरला. काही ठिकाणी असे घडलेही असेल. पण २०२५ साली दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर या अभ्यासकांनी एक वेगळाच पुरावा पुढे आणला. त्यांनी जुने मराठी साहित्य, संतचरित्रे आणि लोकपरंपरा तपासल्या आणि त्यांत कोणकोणत्या झाडाझुडपांचे उल्लेख येतात ते पाहिले. त्यांत मोकळ्या, गवताळ रानात वाढणाऱ्या काटेरी वनस्पतींचे उल्लेख मोठ्या संख्येने सापडले, आणि तेही सुमारे साडेसातशे वर्षांपासूनचे. पंढरपूरच्या मंदिरातले कान्होपात्रेचे झाड तरटीचे आहे हे पुष्कळांना ठाऊक आहे. तरटी ही अशाच कोरड्या, उघड्या रानातली वनस्पती. म्हणजे आपल्या भागातला माळ हे उजाड झालेले जंगल नाही. तो पूर्वीपासून माळच आहे. जुन्या मराठीने हे नोंदवून ठेवले होते. नव्या कागदपत्रांच्या मराठीने ते पुसले.

आणि माळ माणसांनाही पोसतो. धनगर बांधवांची मेंढरे त्यावर चरतात. हीच मेंढरे रात्री शेतात बसवली की शेतकऱ्याला लेंडीखत मिळते आणि त्याबदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. माळावरचे गवत असे शेतात येते आणि भाकरीपर्यंत पोहोचते. या हिशेबासाठी सातबाऱ्यावर रकाना नाही.

गायरानाचा प्रश्न

हा विषय केवळ पुस्तकी नाही. आपल्या गावांच्या ग्रामसभांपुढे तो अधूनमधून येतो. गावाचे गायरान कशासाठी द्यायचे? शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० राबवली गेली आणि त्यात सौर प्रकल्पांसाठी सरकारी व गायरान जमिनींचा विचार झाला. रात्री-अपरात्री साप-विंचवाच्या भीतीत मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाच्या विजेचे मोल सांगायला नको. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरील बेकायदा ताबे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले आणि त्यानंतर आपल्या राज्यानेही १२ जुलै २०११ रोजी शासन निर्णय काढला.

तिसरी बाजूही आहे. गायरानाचा तुकडा कसून पोट भरणारी भूमिहीन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांतली पुष्कळशी दलित व आदिवासी आहेत. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी जे सत्याग्रह केले, ते याच प्रश्नासाठी. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी काही कसणूक नियमित करण्याची वाट मोकळी केली. ज्या जमिनीवर एक जण 'अतिक्रमण' म्हणून बोट दाखवतो, तिलाच दुसरा 'आमची कसवणूक' म्हणतो. आणि 'चराऊ कुरण' हा चांगला शब्दसुद्धा भूमिहीनाला हुसकावून लावण्यासाठी वापरता येतो, हे विसरून चालणार नाही.

मग खरे कोणाचे? त्याचे उत्तर या लेखात देता येणार नाही. प्रत्येक गावाची जमीन वेगळी, गरज वेगळी. पण एक गोष्ट ठामपणे सांगता येते. ठरावात 'गट नंबर अमुक येथील पडीक गायरान' असे लिहिले गेले, की चर्चा सुरू होण्याआधीच संपते. रिकामे पिंप, मग त्याला कोण जपणार? म्हणून तो शब्द आला की आपण तिथल्या तिथे विचारावे, 'पडीक म्हणजे कोणासाठी पडीक?' कोणाची गुरे तिथे चरतात, कोणाचा ओढा तिथून वाहतो, कोण तिथे कसते, कोण सरपण आणते, हे आधी लिहून काढावे. त्यानंतर बहुमताने जे ठरेल ते ठरो. वीज हवी असे ठरले, तरी कोणाचे काय जाते हे माहीत असताना ठरेल आणि त्याची भरपाई काय याचाही विचार होईल.

माणसांना लावलेले शब्द

ज्या दप्तराने जमिनीला 'वाया' म्हटले, त्याच काळातल्या दप्तराने काही माणसांनाही तसेच लेखले. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याखाली पुढे देशभरातल्या अनेक जमातींची नोंद झाली. आपल्याकडच्या पारधी, कैकाडी, भामटा अशा जमाती त्यात सापडल्या. गुन्हा केलेल्या माणसाला गुन्हेगार म्हणणे वेगळे. इथे जन्मलेल्या मुलाच्या कपाळीच तो शब्द लिहिला गेला. हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही, तारेच्या कुंपणाआड वसाहतीत राहायचे. सोलापूरला अशी वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. कायदा गेला, पण शब्द मागे राहिला. आजही आपल्या भागात कुठे चोरी झाली की काही लोकांचे पहिले बोट पारधी वस्तीकडे जाते. चौकशी नंतर होते. शब्द आधीच धावत सुटलेला असतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाविरुद्ध निकाल दिला. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश त्यात आहे, आणि विमुक्त जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारणारे नियम त्यात घटनाबाह्य ठरवले गेले. म्हणजे कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे झाली, तरी ते शब्द नियमावल्यांत जिवंत होते.

'भटके' हा शब्दही असाच तपासण्यासारखा आहे. सरकारी यादीत धनगर समाज 'भटक्या जमाती (क)' मध्ये आहे. 'भटकणे' म्हणजे दिशा नसलेले फिरणे. पण मेंढपाळाचा मार्ग पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. कोणत्या महिन्यात कोणत्या गावी, कोणाच्या शेतात मेंढरे बसवायची, पाणी कुठे, हे त्याच्या डोक्यात पक्के असते. तो भटकत नाही, तो वेळापत्रकाने चालतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले, हे आपल्या वाड्यांवर मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

डोळे उघडणारे शब्द

शब्द झाकतात, तसे ते उघडूनही दाखवतात. आपल्याच भागातली दोन उदाहरणे घेऊ.

पहिला शब्द 'हमी'. १९७२ च्या दुष्काळात आपल्या भागातली माणसे खडी फोडायला गेली, ती 'दुष्काळी कामावर'. सरकारने काम काढले तर काढले, नाही काढले तर हात जोडायचे. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या योजनेने त्या कामाला 'रोजगार हमी' हे नाव दिले. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. 'हमी' म्हटल्यावर देणारा बांधला गेला आणि मागणारा ताठ उभा राहिला. काम मागणे ही याचना राहिली नाही, तो हक्क झाला. अंमलबजावणीत उणिवा राहिल्या, मजुरी रखडली, हे खरे. पण मजुरी रखडली म्हणून तहसीलवर मोर्चा नेण्याचे बळसुद्धा त्याच शब्दाने दिले. २००५ साली संसदेने देशासाठी जो रोजगार हमी कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

दुसरा शब्द 'पाणलोट'. स्वित्झर्लंडहून १९४८ साली भारतात आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी आपले आयुष्य याच जिल्ह्याच्या कोरडवाहू गावांत घालवले. २०२१ साली ते निवर्तले. त्यांनी आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी केली. शेतकऱ्याला आपला बांध दिसतो, गावाला आपली शीव दिसते. 'पाणलोट' हा शब्द या दोन्हींच्या पलीकडे नेतो. डोंगरमाथ्यावर पडलेला थेंब कोणाच्या बांधाला विचारत नाही; म्हणून काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळ्यांनी मिळून करायचे. तो शब्द समजला आणि वरच्याचे नुकसान खालच्याचेही नुकसान आहे हे दिसू लागले. या चळवळीतला 'चराईबंदी' हा शब्द मात्र मेंढपाळाला कडू लागला. ज्या गावांनी 'बंदी'बरोबर 'कापून न्या' हेही सांगितले, तिथे गवत वाढले आणि जनावरांनाही मिळाले.

ख्रिस्तसभेलाही शब्दांची ही ताकद अनुभवाने कळलेली आहे. गुड फ्रायडेच्या उपासनेत ज्यू लोकांसाठी जी प्रार्थना होती, तिच्यात त्यांना उद्देशून एक कठोर विशेषण शतकानुशतके म्हटले जात असे. पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली ते काढून टाकले. सहा वर्षांनी, १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीचा जाहीरनामा काढला आणि ज्यू बांधवांकडे पाहण्याची सगळी दृष्टीच बदलली. आधी एक शब्द गेला, मग वाट मोकळी झाली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकाच्या उपशीर्षकातच पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. घरात पडीक खोली नसते. असते ती न वापरलेली किंवा दुसऱ्याची.

नाव बदलले की झाले का?

नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांना असलेली जातिवाचक नावे बदलून समतानगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच होता. पत्ता सांगताना मुलाला मान खाली घालावी लागू नये, ही लहान गोष्ट नाही. पण पाटी बदलली आणि नळाला पाणी आलेच नाही, तर नवे नावही थोड्याच दिवसांत जुन्या नावासारखे ऐकू येऊ लागते. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आले. पण कार्यालयाच्या पायऱ्या तशाच राहिल्या, तर चाकाच्या खुर्चीतला माणूस खालीच राहतो. शब्द दार उघडतो, आत पाऊल आपल्यालाच टाकावे लागते. आणि उलटही खरे आहे : मनात तिरस्कार असेल, तर गोड शब्दही टोमणा होतो.

उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर सगळे प्राणी माणसापुढे आणतो आणि नावे ठेवण्याचे काम त्याच्यावर सोपवतो, हे आपण ऐकलेले आहे. मराठीत 'नावे ठेवणे' याचे दोन अर्थ होतात. एकात ओळख आहे, दुसऱ्यात निंदा आहे. आपल्यावर सोपवलेले काम पहिल्या अर्थाचे आहे.

गटचर्चेसाठी

या महिन्यात वाड्या-वस्त्यांवरील आपल्या लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकींत पुढील प्रश्नांवर बोलावे, अशी आमची विनंती आहे.

१. आपल्या गावच्या माळाला, ओढ्याला, टेकडीला जुनी माणसे कोणत्या नावांनी ओळखत? ती नावे मुलांनी वहीत लिहून घ्यावीत. प्रत्येक नावामागे काय आहे तेही विचारावे : कोणते गवत, कोणता प्राणी, कोणता प्रसंग.

२. आपल्या सातबाऱ्यावर 'पोटखराबा' किती आहे आणि प्रत्यक्षात त्या जागेचा उपयोग काय होतो? उतारा घेऊन बसावे.

३. आपल्या घरात कोणत्या समाजाविषयी, कोणत्या वस्तीविषयी एखादा शब्द सहज वापरला जातो? तो शब्द त्या माणसासमोर आपण उच्चारू का? उच्चारणार नसू, तर त्याच्या पाठीमागे का?

४. पुढच्या ग्रामसभेत गायरानाचा विषय असेल, तर आपल्यापैकी कोण जाणार? विशेषतः ज्या कुटुंबांची शेळ्या-मेंढरे माळावर चरतात आणि ज्या भगिनी सरपण-चारा आणतात, त्यांना बरोबर न्यावे. त्या जमिनीविषयी त्यांना जे माहीत आहे, ते कोणत्याही उताऱ्यावर लिहिलेले नाही.

समूहप्रमुखांनी पहिल्या प्रश्नातील नावांची यादी रविवारच्या मिस्सेनंतर फादरांकडे द्यावी. गावनिहाय यादी पुढे याच पानावर छापण्याचा विचार आहे.